ड्रायरच्या नळीची वाट

घराची मोडतोड सुरू झाली तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: स्वयंपाकघरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कपाटांची सलग भिंत. मधे खाच नको, खांब नको, घुसखोर पाइप तर नकोच नको. अकरा वर्षं मी त्या भिंतीसाठी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आलेखाच्या कागदावर नकाशासुद्धा मीच काढला, पार चमच्यांच्या खणासकट.

सासरे भिंग घेऊन त्या कागदावर वाकले. त्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. कुठलीही गोष्ट कुठून निघून कुठे पोचते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"हा चौकोन कसला?"

"तुमची नवी खोली, बाबा."

"रिकामीच दिसतेय," म्हणाले आणि भिंग पुढे सरकवलं. "आणि कपडे वाळवायचा ड्रायर आता घराच्या मधोमध येणार. मग त्याची गरम हवा बाहेर कशी जाणार?"

"नळी छतातून फिरवू की, काका," मिस्त्री म्हणाले. "मागच्या भिंतीतून बाहेर. सरळ काढायची तर ताईंच्या कपाटातून न्यावी लागेल."

"सरळ अजिबात नको," मी ठणकावलं. विषय संपला असं मला वाटलं.

सासऱ्यांच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर स्वारी मागच्या अंगणात, जुन्या ड्रायरची पातळ, चुण्यांची नळी मांडीवर घेऊन कात्रीने उभी चिरत होती.

"अगं इकडे ये, गंमत बघ!"

नळीच्या आत करड्या कापसाचा बोटभर थर होता. आमच्याच टॉवेलांचा, पायमोज्यांचा, चादरींचा.

"टॉवेल दोन-दोनदा फिरवायला लागायचे, आठवतं? तू मशीनला शिव्या घालायचीस. चूक नळीची होती. प्रत्येक चुणीत हे अडकलंय. आणि वळणावर बघ, कसं गच्च झालंय."

त्यांनी चिमूटभर कापूस स्टीलच्या ताटलीत ठेवून काडी लावली. भक्कन जाळ झाला. मी दोन पावलं मागे सरले आणि हे आपले लहान मुलासारखे खूश.

"मिस्त्रींच्या वाटेत चार वळणं आहेत," ते म्हणाले. "तिथे साचलं तर हात कसा पोचायचा?"

"म्हणजे शेवटी माझ्याच कपाटावर गदा, असंच ना?"

"मी कुठे तसं म्हटलं? मी आपलं विचारतोय."

माझं डोकं तडकलं. नकाशा उचलला आणि तरातरा मिस्त्रींना गाठलं. ते सासऱ्यांच्या खोलीत शिडीवर उभे राहून छतावर खडूने रेघ ओढत होते. रेघ खोलीत शिरत होती, वळत होती, पुन्हा वळून बाहेर पडत होती.

"ही नळीची वाट?"

"हो. वळणाचे दोन एल्बो इथे, दोन पुढे."

मी खाली पाहिलं. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकी, तिसरीकडे कपड्यांचं कपाट. खाटेला एकच कोपरा उरत होता, नेमका त्या दोन वळणांखाली. उशी तर बरोबर रेघेखाली आली असती.

"अहो, इथे माणूस झोपणार आहे!"

मिस्त्री गोंधळून खाली उतरले आणि माझ्या हातातला कागद उलगडला. "ताई, यात खाट कुठे दाखवलीय? मला वाटलं सामानाची खोली आहे."

खरंच नव्हती. चमच्यांचा खण होता, झाडू टांगायचा खिळा होता. खाट नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

मी अंगणात परत गेले. सासरे अजून त्या नळीत डोकावत होते.

"बाबा, वळणं तुमच्या डोक्यावर येतायत हे तुम्हाला माहीत होतं?"

"काल नकाशा पाहिला तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"अकरा वर्षं ऐकतोय त्या भिंतीबद्दल. म्हटलं, आधी दुसरी एखादी वाट सापडते का बघू." त्यांनी नळी खाली ठेवली. "नाही सापडली गं."

मला रडू आलं. लपवलंही नाही.

नळी सरळच गेली. आतून गुळगुळीत, कडक पत्र्याची, एकही वळण नाही. सांध्यांना धातूची चिकटपट्टी लावली. सासऱ्यांनी स्क्रू मारू दिला नाही, कारण त्याच्या टोकाला कापूस अडकतो. बाहेरच्या तोंडाला झडप बसवली. मिस्त्री जाळी लावू म्हणत होते, तीही त्यांनी त्याच कारणाने लावू दिली नाही. माझ्या सलग भिंतीतलं तिसरं कपाट निम्मं नळीनेच खाल्लं.

ड्रायर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा सासरे बाहेर झडपेपाशी हात धरून उभे होते. "आली, आली!" असा पुकारा झाला, तशी मीही धावले आणि त्यांच्या हाताशेजारी हात धरला. ऊबदार हवा जोरात येत होती. टॉवेल एका फेरीत वाळले.

काम संपलं होतं. नकाशाचा आता काही उपयोग नव्हता. तरी घरात येऊन मी तो शोधून काढला आणि त्या रिकाम्या चौकोनात खाट काढली, उशीसकट.