खिडकीतून नाव पुकारायचं नाही

तुर्फेनाबाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा अदोयोने शिवणाचं मशीन थांबवलं नाही. निळा डगला, गळ्यात ओळखपत्र, साठीची बाई. वॉर्डातल्या बारा आरोग्यसेविकांची ही मुखिया. न्यालेंडा वस्तीत हिला ओळखत नाही असं कोण होतं?

"तुझ्याकडे गुरुवारी मंडळी जमतात म्हणे," बाई म्हणाली.

"शिवण शिकायला जमतात, मावशी."

"शिवणच. मी कुठे दुसरं काही म्हटलं?"

अदोयोच्या मनात पाल चुकचुकली. गुरुवारी मागच्या खोलीत आठ-नऊ जणं यायची. बायकांवर जीव असलेल्या बायका, आणि मुलगी म्हणून जन्मून पुरुष म्हणून जगणारे दोघं. दोन वर्षांपूर्वी आधीच्या जागेत असाच एक गोडबोल्या मदत करायला आला होता. तीन आठवडे त्याने चहा ढोसला, फोटो काढले. चौथ्या आठवड्यात ते फोटो बघून घरमालकाने सगळ्यांचं सामान रस्त्यावर फेकलं.

"तुमची माणसं दवाखान्यात येत नाहीत," तुर्फेना म्हणाली. "मिळून काहीतरी करू या. पैसे माझ्याकडे नाहीत, तुझ्याकडेही नसणार. पण माझ्या बारा बायांना घरोघर शिरता येतं."

"बघू," अदोयो म्हणाली आणि तिने धागा दातांनी तोडला.

संध्याकाळी अकेच ऐकून हसली. अकेच तिच्यासोबत राहायची, बाजारात तळलेले ओमेना मासे विकायची. "पैसे नाहीत म्हणते? मग तर नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. फुकट कोण कुणाच्या दारी येतं गं? त्या सरकारी चीफच्या ऑफिसातून धाडली असेल."

म्हणून अदोयोने गळ टाकला. पुढच्या वेळी बाई आली तेव्हा सांगितलं, "गुरुवारचं बंद केलं. आता मंगळवारी जमतो, दुपारी तीनला." मंगळवारी दुकानाला कुलूप घालून ती समोरच्या टोमॅटोवालीच्या टपरीआड बसून राहिली. चीफची माणसं येतात की मागच्यासारखा कुणी कॅमेरेवाला, हे एकदाचं कळू दे.

तुर्फेना एकटीच आली. कापडात बांधलेली उकडलेली कणसं घेऊन तासभर बंद दारापाशी उभी राहिली. मग वही काढून काहीतरी लिहिलं आणि चीफच्या ऑफिसच्या रस्त्याला लागली.

अदोयोचं डोकं सणकलं. ती मागोमाग निघाली. पण ऑफिस आलं, गेलं. बाई पुढे दवाखान्याच्या आवारात शिरून झाडाखालच्या बाकावर टेकली. अदोयो तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वहीत काय लिहिलंस, मावशी?"

तुर्फेना दचकली नाही. तिने वही पुढे केली. 'मंगळवार. कुणी नाही. परत जायचं.' आणि पानाच्या डोक्यावर एक नाव: रोझलिन. त्यावर काट मारून शेजारी लिहिलं होतं, ओउको.

अदोयोने ते नाव पुन्हा वाचलं. ओउको गुरुवारचाच. क्षयाची औषधं दोन महिने घेऊन त्याने अचानक सोडली होती. का, ते कधी सांगितलं नाही. मार्चमध्ये अदोयोच्याच खोलीत तो गेला.

"त्याचं नाव तुझ्याकडे कसं?"

"तेव्हा त्या औषधाच्या खिडकीत मी बसायचे," तुर्फेना म्हणाली. "कागदावर होतं तसं रोझलिन म्हणून तीनदा ओरडले. तो उठून आला तेव्हा म्हटलं, 'अगं बाई, निदान दाढी तरी करून येत जा.' सगळी लाईन हसली. मीही हसले. तो औषध न घेताच गेला, तो परत आलाच नाही."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"हाकललं असतंस."

"आताही हाकलतेच आहे. माझ्या दारात दिसू नकोस."

तीन दिवस अदोयोला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी ती स्वतःच त्या बाकापाशी गेली.

"माफी मागू नकोस, मला ती नको. खिडकीतून नाव पुकारायचं बंद करा. कुणाचंच नाही, सगळ्यांना नंबर द्या. फक्त आमच्यांना नंबर दिलेत तर तो नंबरच कपाळावर डाग होईल."

"मोठे साहेब ऐकायचे नाहीत."

"मग तुझ्या बारा बाया काय नुसते डगले मिरवायला आहेत?"

गुरुवारच्या मंडळींनी कापडाच्या चिंध्यांवर एक ते साठ आकडे शिवले. हे तुर्फेनाच्या सेविकांसाठी आहे हे कळल्यावरही अकेच कुरकुरत शिवत राहिली. सकाळी सहाला सेविका लाईनीत ते वाटायला लागल्या. साहेब आधी चिडले. मग लाईनीतली भांडणं कमी झाली तसे गप्प बसले. म्हाताऱ्यांना तर हे फारच आवडलं. त्यांची दुखणीखुपणी आता बाजारभर होत नव्हती.

आठ महिन्यांनी खिडकीत नवा कारकून आला. तुर्फेना नेमकी मयतीसाठी गावी गेलेली. त्याने चिंध्या बाजूला सारल्या आणि कागद हातात धरून नावं ओरडायला सुरुवात केली. अकेचला खोकला दाखवायला घेऊन आलेली अदोयो लाईनीतच होती. तिच्या मागे दाढीवाला एक कोवळा जीव उभा होता, गुरुवारचाच. तो हळूच फाटकाकडे सरकू लागला.

तेवढ्यात पुढची एक धिप्पाड कोळीण कडाडली, "ए बाबा! माझं नाव घ्यायला तू काय माझा नवरा आहेस? नंबर बोल!"

"इथं नंबरच चालतो," मागून दुसरी म्हणाली.

"आमच्या दवाखान्यात नवीन कायदे नकोत हो!" तिसरीने हाणलं. लाईन हसली, पण या वेळी कारकुनाला. त्याने निमूटपणे चिंध्या उचलल्या.

"सतरा," तो म्हणाला. अदोयोने त्या पोराचं मनगट धरून त्याला लाईनीत परत उभं केलं आणि मग सतरा नंबरच्या अकेचला पुढे घातलं.

तुर्फेना परतल्यावर अदोयोने सगळं सांगितलं. बाईने डोळे पुसले आणि विचारलं, "आता गुरुवारी येऊ का?"

"मंडळींना विचारते."

विचारायला तीन आठवडे लागले. सगळे हो म्हणाले, एक अकेच सोडून. शेवटी तिनेही खांदे उडवले. तुर्फेना आली, दाराजवळ बसली. अकेचने तिला चहा दिला. बाईने तिचं नाव विचारलं, तेव्हा मात्र अकेच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी बघू, मावशी."