छपरात न मावलेला अंबाडा

त्या सकाळी कवळीवाल्याचा आनंद पोटात माईना. कवळीवाला म्हणजे लोकांच्या कवळ्या बनवणारा. दिवसभर परक्यांचे दात घासायचे, आणि घरी आलं की तशीच कानस, तसाच चिमटा घेऊन तळहातावर मावणाऱ्या गाड्या बनवायच्या. त्याही साध्या नाहीत, हॉट रॉड! जुन्या घाटाची गाडी घ्यायची, बॉनेट काढून इंजिन उघडं टाकायचं, मागे जाडजूड चाकं लावायची आणि छप्पर कापून इतकं खाली आणायचं की गाडी डोळे बारीक करून आपल्याकडेच बघतेय असं वाटावं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असल्या माणसांकडे बघूनच.

आज अशा छोट्या गाड्या बनवणाऱ्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं. पण खरा आनंद त्याचा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायको सोबत येणार होती.

बायकोचं खाली रस्त्यालगत शिवणकामाचं दुकान. गाड्यांच्या वाटेला ती कधी जात नसे. पण हिवाळ्याच्या सुरुवातीला ती टेबलापाशी आली, रांगेतल्या गाड्या वाकून वाकून बघितल्या आणि म्हणाली, "यांच्यात कधीच कोणी बसलेलं कसं नसतं हो? चोरीच्या आहेत का?"

"अगं, आमच्यात रिकामीच मांडायची रीत आहे. माणूस बसवला की खेळणं वाटतं."

"मग रिकाम्या गाड्या बघायला मी कशाला येऊ? मला बसवा स्टीअरिंगवर, येते."

"बसवतो!" तो म्हणाला, आणि शब्द देऊन बसला.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी दारातूनच विचारायची, "झाले का मी?" आणि काल ती झाली. पुट्टीची बाहुली, करंगळीच्या दोन पेरांएवढी. ठिपक्यांचा झगा, तारेचा चष्मा, आणि डोक्यावर अगदी वर बांधलेला तो अंबाडा, ज्यात ती कापडावर खुणा करायची पेन्सिल खोचते. "अगं बाई, पेन्सिलसुद्धा!" म्हणून ती इतकी हसली की खाली गिऱ्हाईक ताटकळलं.

तर आता फक्त तिला गाडीत बसवायचं बाकी होतं. चिमट्यात धरून त्याने तिला उघड्या सांगाड्यातल्या सीटवर टेकवलं, पाय पेडलपाशी नेले, हात स्टीअरिंगवर ठेवले. मग वरून लाल रंगाची बॉडी हलकेच दाबली.

टक्.

बॉडी बसेना. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा टक्. अंबाडा छपराला लागत होता.

सगळा हिवाळा त्या छपरावर घालवलेला. खांब कापले, छप्पर खाली आणलं, ते खालच्या खांबांना जुळेना म्हणून उभं-आडवं चिरून रुंद केलं, फटी भरल्या, आरशासारखं घासलं. प्रत्येक गोष्ट मोजली. चाकं मोजली, काचा मोजल्या. बसणारीला मात्र मोजलं नाही! आयुष्यभर रिकाम्या गाड्या बनवणाऱ्याच्या डोक्यात हे येणार तरी कुठून?

सीट खाली घ्यावी, तर ती आधीच तळाला टेकलेली. पुट्टीच्या बायकोला मागे रेलवून बघितलं, तर ती दाढ काढायला आल्यासारखी दिसायला लागली.

तेवढ्यात मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्याचा दुकानदार आणि क्लबातला पक्का प्रतिस्पर्धी. दोघांना घेऊन जायला आला होता. छपरावर नजर पडताच त्याने शीळ घातली.

"भाऊजी, कप तुमचा! असलं छप्पर मला जन्मात जमणार नाही."

कवळीवाल्याने रडवेल्या तोंडाने घोटाळा सांगितला.

"एवढंच? अंबाडा उडवा. कोणाला कळतंय?"

कवळीवाल्याने पातं उचललं, अंबाड्याला टेकवलंही. हात पुढे जाईना.

"काय उडवताय?" बायको दारात उभी होती. गळ्यात टेप, अंगावर ठेवणीतला पोशाख.

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तू मावत नाहीयेस," तो म्हणाला. "मी तुझं मापच घेतलं नाही."

तिने टेबलाकडे बघितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला गाडीच्या बाहेर उभी करा. बाजूला. मला सवय आहे."

हे त्याच्या काळजाला लागलं. त्याने पातं खाली ठेवलं आणि बारीक करवत उचलली.

"भाऊजी, नको!" मेहुणा ओरडला. "अहो, कप आहे तो!"

"धर घट्ट. हलू देऊ नकोस."

रंगावर चिकटपट्टी लावून त्याने करवत चालवली. खर्र, खर्र. पुढची काच शाबूत राहिली पाहिजे, दाराला तडा जाता कामा नये! मेहुण्याने डोळे मिटले, पण गाडी सोडली नाही. बायको वाकून म्हणत होती, "सावकाश, सावकाश, आता शेवटचा..." आणि छप्पर सुटून अलगद टेबलावर पडलं.

गाडी उघडी झाली. पण कापलेल्या कडेने पांढरं प्लास्टिक दात विचकत होतं, आणि रंग वाळायला वेळ नव्हता.

"थांबा!" म्हणत बायको धडाधड जिना उतरली आणि काळ्या पायपिंगची गुंडाळी घेऊन आली. "उसवलेली कड झाकणं हा माझा धंदा आहे. गोंद द्या." तिने पायपिंग कडेभोवती अशी फिरवली की चामड्याची पट्टी वाटावी. मग तिने स्वतःलाच चिमट्यात धरून सीटवर बसवलं. अंबाडा काचेच्या वर ऐटीत, पेन्सिलीसकट.

"ताई," मेहुणा म्हणाला, "तू भलतीच भारी दिसतेयस गं!"

प्रदर्शनात कप मेहुण्यालाच मिळाला. कवळीवाल्याच्या गाडीपुढे परीक्षक क्षणभर थांबला, "माणूस कशाला बसवलात?" म्हणाला आणि पुढे गेला.

"याला डोळे आहेत की बटणं?" बायको फणकारली. पण ती टेबलामागून हलली नाही. येईल त्याला सांगत होती, "ती मी. हो, मीच चालवतेय." कवळीवाला शेजारी उभा राहून नुसता हसत होता. कप कोणाच्या हातात आहे, हे त्याने बघितलंसुद्धा नाही.

हॉल रिकामा व्हायला लागला तेव्हा तिने वाकून गाडीत बघितलं. शेजारची सीट मोकळी होती. तिने गळ्यातला टेप काढला.

"सरळ उभे राहा."

"का गं?"

"या वेळी आधी माप." तिने टेप त्याच्या टकलावर ठेवला आणि खुदकन हसली. "अहो, तुम्ही तर छपराखालीही मावला असतात!"