अर्ध्या आवाजातली तालीम

माझा पहिला श्रोता जिन्यात बसायचा. छापखान्यातून सुटले की बाबा मला गाण्याच्या बाईंकडे घेऊन जायचे. बाई मला आत घ्यायच्या आणि बाबांच्या तोंडावर दार लावायच्या. पालक बाहेर, हा त्यांचा खाक्या. मग बाबा तिसऱ्या पायरीवर शाईचे हात मांडीवर ठेवून तासभर बसायचे.

दोन वर्षं बाईंनी मला एकही गाणं शिकवलं नाही. जमिनीवर उताणं झोपवायच्या, पोटावर जाडजूड पुस्तकं रचायच्या आणि श्वासानं ती वर उचलायला लावायच्या, मग नुसते सूर घोटून घ्यायच्या.

"ऑपेऱ्यात माइक नसतो, बये," त्या म्हणायच्या. "समोर साठ वाद्यं वाजतात आणि शेवटच्या रांगेत कुणीतरी बसलेलं असतं. त्याच्यापर्यंत पोचायचं, तेही न ओरडता."

परतीच्या वाटेवर बाबा विचारायचे, "आज तो मधला सूर जरा खाली बसला का गं?" आणि तो बसलेलाच असायचा. सुरांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण माझा आवाज त्यांना ठाऊक होता. शेताला पाऊस कळतो तसा.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. परक्या भाषांतले शब्द घोकले, कोरसमध्ये उभी राहिले, कधी दासी झाले, कधी गर्दी. नायिका आजारी पडली तर कामाला यावी म्हणून तिच्या भूमिका पाठ करून ठेवल्या. नायिका काही आजारी पडल्या नाहीत. तिशी उलटली. एव्हाना यंत्रांच्या धडधडीनं बाबांचे कान मंद झाले होते. आई म्हणायची, "तुझ्या बापाला आता फक्त जेवायला हाक मारलेली ऐकू येते." डॉक्टरांनी कानाला लावायचं मशीन दिलं. बाबा ते जपून वापरायचे. म्हणायचे, "पोरगी नायिका होईपर्यंत टिकायला हवं."

चौतिसाव्या वर्षी मी नायिका झाले.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम असते. पोशाख, दिवे, वाद्यवृंद, सगळं खरं. फक्त प्रेक्षक नसतात, घरची माणसं बसली तर चालतं. प्रयोगाच्या गर्दीत बाबांचं मशीन शिट्ट्या मारायचं, म्हणून ते तालमीलाही येणार होते. मी त्यांना समोर काठी उगारून उभा असतो तो कंडक्टर, असं समजावलं होतं. "मग तिकिटं कोण फाडतो?" ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर गुडघा थोपटत हसले.

त्या सकाळी माझा घसा किंचित धरला होता. कंडक्टरांनी लगेच ओळखलं. "आज मार्क कर. उद्याचं उद्या."

मार्क करणं म्हणजे आवाज राखणं. रंगमंचावर ठरलेल्या जागी उभं राहायचं, ओठ हलवायचे, अभिनय पुरता करायचा, पण गाणं पुटपुटल्यासारखं. वरच्या सुरांची तर नुसती खूण करायची. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून मीही बाबांना सांगितलं नाही. सांगायचं असतं हे मनातच आलं नाही.

बाकीचे सगळे मोकळ्या आवाजात गायले. वाद्यवृंद भरतीसारखा चढत होता. त्या लाटेत मी तोंड उघडत होते, मिटत होते. तिसऱ्या रांगेत बाबा दिसत होते. त्यांचा हात सारखा कानामागे जात होता, मशीनचं बारीक चाक फिरवत होता. मी म्हटलं, वाजत असेल मेलं.

तालीम संपल्यावर मी खाली उतरले. "कसं वाटलं?"

"झकास!" बाबा म्हणाले. "काय आवाज लावलास! नुसती भिंत हादरली!"

मला राग आला. आज मी आवाज लावलाच नव्हता, आणि जगात ज्या एका माणसाची दाद मी खरी मानत होते, तोच खोटं बोलत होता. "राहू द्या हो बाबा," मी म्हणाले, "तुम्हाला काय ऐकू येतंय!"

 बाबा टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच आली. बाबांचे गुडघे दुखतायत म्हणाली. त्या रात्री माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, तिथून परत आला. लोक उभे राहिले. मग गावांमागून गावं, प्रयोगांमागून प्रयोग. सहा वर्षांत बाबा एकदाही आले नाहीत. मी घरी गेले की ते नुसते हसायचे. मशीन दिसायचं नाही. मीही विचारलं नाही. माझाही ताठा कमी नव्हता.

गेल्या महिन्यात आईबरोबर वाटाणे सोलत होते. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांना माझं कधी कौतुकच वाटलं नाही."

आईचा हात थांबला. "मला शपथ घातलीय त्यांनी. पण आता ऐकच. त्या तालमीहून आले ते पलंगावर बसून राहिले. म्हणाले, वाजंत्री ऐकू आली, तो जाडा गातो तो ऐकू आला, मागची सगळी पोरं ऐकू आली. फक्त माझ्या लेकीचा आवाज ऐकू आला नाही. नेमका तेवढाच सूर देवानं काढून घेतला. पोरीलाही कळलंय, म्हणाले. तसं बोलून दाखवलंन तिनं. मग मशीन काढून ठेवलं. जे ऐकायचं तेच येत नाही, तर बाकीचा कलकलाट कशाला, म्हणाले."

वाटाणे जमिनीवर सांडले. कुणी उचलले नाहीत.

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बाबा, त्या दिवशी मी गायलेच नव्हते. घसा राखत होते.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "असं करतात तुमच्यात?"

मी मान हलवली.

"मग मी भिंत हादरली म्हणालो ते..." ते हसायला गेले. अर्ध्यावर चेहरा विस्कटला.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं. मशीन वापरत राहिले असते तर थोडं तरी उरलं असतं, म्हणाले. आता नाही.

घरी येऊन मी खिडक्या लावल्या. बाबांना समोर खुर्चीवर बसवलं आणि त्या दिवशीचं नायिकेचं गाणं म्हटलं. काही न राखता, शेवटच्या सुरापर्यंत. कपाटातल्या काचा थरथरल्या. बाबा माझ्या गळ्याकडे, छातीकडे, तोंडाकडे टक लावून होते, परक्या लिपीतलं पत्र बघावं तसे.

मी थांबले. ते आईकडे वळले.

"कसं होतं?"

"चांगलं होतं," आई मोठ्यानं म्हणाली, मग बोटांनी खूण केली.

"चांगलं म्हणजे कसं?"

आईला गाण्यातलं कधीच काही कळलं नव्हतं. तिनं पुष्कळ विचार केला, मग दोन्ही हात जमेल तेवढे पसरले. बाबा त्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिले.