टिकलीवर टिकली

तीन वर्षांत मॅडमनी वस्तीत एकोणीस सभा घेतल्या होत्या. आज विसावी, आणि शेवटची. त्या विद्यापीठात शिकवत, आणि त्यांचा विषय होता ‘न्याय्य व लोकांच्या नेतृत्वाखालील ऊर्जापरिवर्तन’. घरी नवऱ्याला तो एकदा तासभर समजावला, तेव्हा तो म्हणाला होता, “म्हणजे लोकांना विचारून सोलर बसवायचं. बरं आहे.” त्या ‘बरं आहे’वर दोन दिवस अबोला चालला.

आज फक्त सह्या घ्यायच्या होत्या. अनुदानातून चाळीस पॅनेल मिळणार होती. वस्तीने सही केली की ती ठरल्याप्रमाणे पाच जागी आठ-आठ बसणार: शाळा, दवाखाना, बसथांबा, तळ्याचा काठ आणि पंपघर. पाच वाजता अधिकारी कागद न्यायला येणार होता. मॅडमना एवढंच हवं होतं की तो यावा, कागद न्यावा, आणि आपण घरी जाऊन पाय वर करून पडावं.

शाळेच्या हॉलमध्ये वीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. पंपवाल्या काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कागद दोनदा वाचला.

“मॅडम, पंपाला आठच?”

“सगळ्यांना समान आहे ना, काका.”

“समान आहे खरं. पण आठांवर माझी मोटर उठत नाही. गुरगुरते आणि गप्प बसते. चाळीस एका जागी द्या, वरच्या टाकीपर्यंत पाणी नेऊन दाखवतो.”

“पण हे तुम्हीच सगळ्यांनी ठरवलंय.”

“आम्ही? कधी?”

मॅडमनी लॅपटॉपवर नकाशाचा फोटो उघडला. गेल्या वर्षीच्या सभेत भिंतीवर वस्तीचा मोठा नकाशा लावला होता. प्रत्येकाला स्टेशनरीच्या दुकानातली एक लाल टिकली दिली होती, आणि पॅनेल जिथे हवीत तिथे ती चिकटवायची होती. चौसष्ट टिकल्या नकाशाभर पसरल्या होत्या. त्यावरूनच या पाच जागा ठरल्या, आणि त्या पसाऱ्यावर मॅडमनी ‘विखुरलेल्या ऊर्जा-आकांक्षा’ हा शोधनिबंध लिहिला. तो छापून आला, त्याची वाहवा झाली आणि पुढच्या महिन्यातली बढतीची मुलाखत त्याच्याच जिवावर होती.

शिवणकाम करणाऱ्या ताई लॅपटॉपच्या पडद्यापाशी येऊन वाकल्या. “ही तळ्यातली माझी.”

तळ्यात बारा टिकल्या होत्या. तरंगत्या पॅनेलांविषयीच्या लोकांच्या कुतूहलावर मॅडमनी दीड पान खर्ची घातलं होतं.

“तळ्यात का लावलीत, ताई?”

“मग कुठे लावू? पंपघर नखाएवढं काढलेलं. तिथे काकांची होती, त्यांच्या सुनेची होती. दुसऱ्याच्या टिकलीवर आपली कशी डकवायची? बरं दिसतं का ते?”

“माझी बसथांब्यावर,” मागून कोणीतरी म्हणालं. “तिथे ऐसपैस होतं.”

“आमच्या दोघांची दवाखान्यावर. शेजारी-शेजारी.”

मॅडमनी लॅपटॉप मिटला.

“पंपच हवा होता असे किती?”

हात वर झाले. एक सोडून सगळे. तो एक म्हणाला, “मी चहाला आलोय. पण पाणी मलाही लागतं, तर धरा माझाही.”

“तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुम्हीच म्हणालात, कोणी कोणाशी बोलायचं नाही, प्रभाव पडतो,” काका म्हणाले. “शिवाय फोटो काढताना इतक्या खूश होता तुम्ही. म्हटलं, असेल काही हिशेब यांचा.”

मॅडमनी व्हरांड्यात जाऊन विभागप्रमुखांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि त्यांचं शांत ऐकणं ही कधीच चांगली बातमी नसे.

“आधी सह्या घे. दुरुस्ती पुढच्या टप्प्यात मांडू.”

“तो कधी?”

“मंजूर झाला तर दोन वर्षांनी. एक निबंध त्याचाही होईल.”

“आणि छापलेला?”

“मागे घेतलास तर मुलाखतीत पहिला प्रश्न मीच विचारणार. विचारावाच लागेल गं.”

व्हरांड्यातून चढाव दिसत होता. सगळ्यात वर ताईंचं घर, आणि तिथवर रोज अकरा बादल्या. हा आकडा मॅडमच्याच निबंधात होता, तक्ता चारमध्ये. दोन वर्षांच्या बादल्यांचा गुणाकार त्यांनी सुरू केला आणि मध्येच सोडला. तेवढीही ताकद नव्हती.

आत येऊन त्यांनी चार जागा खोडल्या आणि पंपघरासमोर चाळीस लिहिलं. ‘बदलाचे कारण’ या रकान्यात लिहिलं: आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. चूक संशोधकाची.

काका वाचत होते. “एकट्या नका घेऊ अंगावर. टिकल्या आम्हीच लावल्या.”

“नको काका. इतकंही नेतृत्व लोकांवर टाकत नाहीत.”

सह्या होत असताना त्यांनी मोबाइलवर नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. दोनदा ‘खेद’ लिहून पुसलं आणि सरळ लिहिलं की निबंध मागे घेत आहे, कारण सविस्तर कळवते.

“यानं नोकरी जाते का हो?” ताईंनी हळूच विचारलं.

“नाही. आहे तिथेच राहते.”

“किती वर्षं?”

“निवृत्तीपर्यंत, बहुतेक.”

ताईंनी मान हलवली, पेन घेतलं आणि सही केली. बाहेर अधिकाऱ्याची गाडी थांबली. मॅडमनी पत्र पाठवलं आणि कागद घेऊन उठल्या.