ढोलूची बोटं थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे, पण पाणी काही माझ्या नशिबी आलं नाही. माझ्या पोटाखाली दोन बाकदार पट्ट्या आहेत. समोरासमोर चार मुलं बसून पाळीपाळीने झुकली, की मी फरशीवरच डुलू लागते. एकट्याने कितीही जोर लावला तरी मी ढिम्म हलत नाही. सुताराने मला मुद्दामच तशी घडवली. कडा आणि पट्ट्या घासून झाल्या की तो त्यांवरून स्वतःचा गाल फिरवी, आणि जरा कुठे खरखरलं की पुन्हा घासायला बसे.

एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्वमग्न मुलांचा खेळगट भरत असे. तिथे माझी रवानगी झाली. गट चालवणाऱ्या बाईंना मुलं खेळताई म्हणत. पाळी येईपर्यंत थांबायचं, समोरच्याकडे बघायचं, त्याच्याबरोबर हसायचं, हे त्या माझ्यावर बसवून शिकवत. पालक माझं तोंड भरून कौतुक करत आणि मीही मनातल्या मनात फुगत असे.

माझा लाडका होता ढोलू. तो बसल्या जागी माझ्या लाकडावर बोटांनी ताल धरी, म्हणून हे नाव. दुसरी होती चक्री. ती कधी माझ्यावर बसलीच नाही. कोपऱ्यात पाठ करून डब्याचं झाकण गरगर फिरवत राही. तिचे बाबा बस चालवायचे. एकदा ते खेळताईंना म्हणाले, "ताई, वर्ष होत आलं. ही कुणाकडे मान वर करून बघत नाही. उगाच दुसऱ्या मुलाची जागा कशाला अडवायची?" खेळताईंनी त्यांना, पालकांना खेळ दाखवायचा आहे त्या दिवसापर्यंत थांबायची गळ घातली.

तो दिवस आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

पालक भिंतीला टेकून बसले होते. चौघं मुलं डुलू लागली. टाळ्या पडल्या, तसा मुलांना चेव आला. टाळ्या वाढल्या, मीही वेगात आले. ढोलू छान हसत होता. पण त्याची बोटं लाकडावर गप्प पडली होती. मला ते कळत होतं, पण मी कुणाला सांगणार?

तेवढ्यात कोपऱ्यातलं झाकण फिरायचं थांबलं. चक्री उठली, सरळ माझ्याकडे आली आणि तिने आपला हात माझ्या पट्टीखाली घातला.

मी थांबले. ज्या पट्टीवरून सुताराचा गाल फिरला होता, तिच्याखाली एका लेकराचं बोट चेंगरलं होतं. टाळ्या हवेतच राहिल्या. खेळताईंनी मला उचलून धरलं, पुढे दवाखान्यातून नर्स धावत आली. चक्री ओरडली नाही, रडली नाही. तिचे बाबा मात्र पांढरेफटक पडले होते. मलमपट्टी झाल्यावर त्यांनी कसंबसं विचारलं, "बाळा, हात का घातलास गं?"

चक्री खाली बघत म्हणाली, "ढोलू थांबला. होडी नाही थांबली."

सगळ्यांच्या माना ढोलूकडे वळल्या. त्याच्या तोंडावर हसू जसंच्या तसं होतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्याची आई उठून त्याला बिलगली. खेळताई ढोलूसमोर जाऊन बसल्या. "ते हसू मीच शिकवलंय त्याला," त्या हळूच म्हणाल्या. जिला कुणाचं काही दिसत नाही असं सगळे धरून चालले होते, तिलाच तेवढं दिसलं होतं.

मला व्हरांड्यात उलटी करून ताडपत्रीखाली टाकलं. माझी काही तक्रार नव्हती. पुढे मी जळणात गेले असते, तरी मला ते पटलं असतं.

पण एक दिवस ताडपत्री निघाली. सुताराने माझ्या पट्ट्यांभोवती फळ्या ठोकल्या. आता आत बोटच काय, काडीही जात नाही. खेळताईंनी खेळही बदलला. कुणीही लाकडावर थाप मारली की सगळ्यांनी थांबायचं. का, ते विचारायचं नाही. आधी मोठी माणसं बसली आणि थाप मुलांच्या हाती दिली. चक्रीचे बाबा डुलायला लागले की कुणीतरी थाप मारी. "अरे, माझ्या बसलासुद्धा एवढे थांबे नाहीत," ते म्हणाले, आणि मुलं खदखदली. ते हसू कुणी शिकवलेलं नव्हतं.

चक्रीला गटातून काढायचा विषय तिच्या बाबांनी पुन्हा काढला नाही. तिचं नख वाकडंच उगवलं. ती हल्ली माझ्यावर बसते, पण ढोलूकडे पाठ करून. त्याचा ताल तिला पाठीलाही कळत असावा.

मित्रांनो, खेळायला जरूर बोलवा, पण खेळणाऱ्याला थांबायचीही मुभा द्या. प्रत्येकाचं "नको" तोंडातूनच येईल असं नाही. ते कळायला जरा जवळ बसावं लागतं.