उधाणाचं पाणी

सारसोळ्याच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चांगुणानं चाळीस वर्षं कान्हाला नुसतं ‘अवो’ म्हणून हाक मारली, आणि आपलं खरं नाव तेच आहे हे त्या बाबाला ती हाक बंद झाल्यावर कळलं. वर्ष होत आलं होतं. तो तिला भरवायचा, तिची वेणी घालायचा, आणि ती दर वेळी सावरून बसत विचारायची, तुमी कोन?

मग एकदा नेरूळच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत दोघं बसली होती. समोर खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती, त्यात रंगीत मासे फिरत होते. चांगुणानं एकदम त्याची बाही धरली. “अवो, बगा ना,” ती म्हणाली. एवढंच. लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर तिनं परत त्याला परकं केलं होतं. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं, यातून माणूस मागे फिरत नाही, दर महिन्याला थोडं थोडं जातच राहणार. पण कान्हाच्या कानात ती हाक बसली होती, तिथं डॉक्टरांचं काय चालणार?

खांदेश्वरला रमीजचं रंगीत माशांचं दुकान होतं, घरी तशीच टाकी लावायची म्हणून कान्हा तिथं गेला. पोरगा सज्जन. काकांच्या खिशाकडे बघून त्यानं स्वस्तातलं स्वस्त सांगितलं. मुलाची लहानपणची जुनी टाकी घरात पडून होती ती चालेल, एक छोटा पंप, थोडे दगड, समुद्री मिठाचं पाकीट. आणि महिनाभर मासा न सोडता नुसतं पाणी फिरवायचं.

“घाई करू नका काका. पाण्यात जिवाणू धरले नाहीत तर माशांची घाणच माशांना मारते.”

कान्हाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजोबा मिठागरावर राबलेले, बाप जाळं टाकता टाकता गेलेला, आणि त्यानं मीठ पाकिटातून घ्यायचं? शिवाय महिना. महिन्यानं चांगुणाचं आणखी काय काय गेलेलं असेल, कोणी सांगावं. त्यानं पंप आणि दगड तेवढे घेतले.

पुनवेच्या उधाणाला समुद्र थेट आत येतो आणि खाडी धुऊन काढतो, असं गावात सगळेच धरून चालत. कान्हा पुतण्याच्या होडीतून मधल्या धारेला गेला, चार कॅन भरले, आजोबा मिठागराचं पाणी चाखायचे तसं बोट बुडवून जिभेवर टेकवलं. खारटपणा बरोबर होता. जिभेला मीठ कळतं, बाकी काही कळत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. वरच्या अंगच्या कारखान्यांतून इतकी वर्षं खाडीत जे जे येऊन मिसळलं, त्याला चव कुठली?

तिसऱ्या दिवशी तो मासे मागायला गेला तेव्हा रमीजनं विचारलं, एवढ्यात कसं? पुतण्याच्या टाकीतलं वर्षभर मुरलेलं पाणी आणलंय, कान्हानं ठोकून दिलं. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाचं खोटं चटकन पटतं. रमीजनं दोन छोटे निळे मासे दिले, सगळ्यांत काटक.

त्या संध्याकाळी चांगुणा टाकीपुढून उठली नाही. काचेवर बोट टेकवून हसत राहिली. बोलली काही नाही. कान्हा शेजारी बसून होता. उद्या बोलेल, त्यानं स्वतःला समजावलं.

सकाळी दोन्ही मासे उलटे तरंगत होते. ती अजून झोपली होती. त्यानं गॅलरीत जाऊन रमीजला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. तो बिचारा रागावलाही नाही. ते पाणी फेका काका, म्हणाला, त्यात काहीच जगायचं नाही.

कान्हा आत आला तर चांगुणा जमिनीवर बसलेली, पदर खोचलेला. पुढ्यात पेपर, पेपरावर थाळी, थाळीत ते दोन निळे मासे शेजारी शेजारी नीट मांडलेले. टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन ती त्यांच्यावर शिंपडत होती, बाजारात मासळी ताजी दिसावी म्हणून आयुष्यभर शिंपडायची तसं. तिनं वर बघितलं. चेहरा किती दिवसांनी जागा झाला होता.

“घ्या ना दादा. ताजी हाय, सकालचीच.”

 कान्हा तिच्यासमोर बसला.

“कोनी आनली?”

“आमच्या मानसानं. उधानाला गेलेला.” हे सांगताना ती चक्क लाजली.

त्यानं खिशातली नोट काढून दिली. बोहणी म्हणून तिनं ती कपाळाला लावली आणि कमरेला खोचली.

“तुजा मानूस कुठं हाय आता?” त्यानं विचारलं.

“येल ना. भरती लागली का येल.” तिनं दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तुमी सरका जरा दादा, वाट सोरा. त्याला दिसाय पायजे मी.”

कान्हा बाजूला सरकून बसला.