काटेच बगीचा

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात यवतमाळात माणसं करपत होती आणि आमच्या ह्यांना फुलांचं वेड लागलं! कचेरीतल्या साहेबांकडच्या मासिकात त्यांनी विलायतेतल्या कॉटेजभोवतीचा बगीचा पाहिला होता. रांगा नाहीत, कापणी-छाटणी नाही, नुसती फुलांची दाटी. लगेच अंगणात राखेनं वाफे आखले, गुलबक्षी, सदाफुली, झेंडूचं बी टाकलं. पाणी अर्थातच मी शेंदायचं.

"कायचा बगीचा करून राह्यला रे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू यायचं.

"कॉटेज, आई, कॉटेज!" हे ओरडले.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीतून आले, तर वाफ्यांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

"हे काय केलं?"

"तूच तं म्हनला, काटेच!"

मी तोंडात पदर कोंबला. हे रागानं जेवलेसुद्धा नाहीत.

त्या साली बकऱ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी रोपं फस्त केली, आमची तेवढी वाचली. पोळ्यापर्यंत अंगण फुलांनी गच्च भरलं. साहेब मुद्दाम बघायला आले.

"वा! कॉटेज बगीचा जमला की!"

"कॉटेज नाही, साहेब," सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हे म्हणाले, "काटेच. आमच्या आईनं केला."